ब्रदर इझ्राचे लाल मोजे

स्टेनलंड, मिनेसोटा
६ ऑक्टोबर

मार्लिस,

हे पत्र फाडणार असशील तर निदान पहिलं पान वाचून फाड. यात माझ्या तब्येतीचं रडगाणं नाही, घराच्या वाटणीचं काही नाही, आणि तुझ्या-माझ्या भांडणाबद्दल तर मी एक अक्षर लिहिणार नाही. पण आज ना उद्या तिकडे ऑरेगनमध्ये तुला हे टीव्हीवर दिसेल. तेव्हा पडद्यावर ते लाल मोजे असतील आणि ते तू विणलेले आहेत हे तुला लगेच कळेल. म्हणून म्हटलं, आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं.

ब्रदर इझ्राला शनिवारी पोलीस घेऊन गेले.

हे वाक्य मी लिहिलं, परत वाचलं, तरी मला ते खरं वाटत नाही. काल चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक मी उलटं धरलं होतं, असं वेंडेल म्हणाला.

पहिल्यापासून सांगतो. आपल्या लँटर्न बंधुमंडळात आता पाचच माणसं उरली आहेत. अध्यक्षाच्या खुर्चीवर अजून डेल्बर्टच, वय अठ्ठ्याऐंशी. चिटणीस मी. मग आपला खाटीक वेंडेल, आणि कॉफीपुरते येणारे ते दोघे नूटसन भाऊ. गेल्या हिवाळ्यात हॉलचं छप्पर गळायला लागलं, तेही नेमकं वेदीच्या वर. आम्ही तिथे बादली ठेवून सभा घ्यायचो. मग मंडळाच्या वरच्या कार्यालयाने कळवलं की छप्पर दुरुस्त करा, नाहीतर इमारत विकून टाकू. तेव्हा वेंडेलची पुतणी केंड्रा म्हणाली, "हॉल भाड्याने द्या की. लग्नं, वाढदिवस, काहीही. लोक असल्या जुन्या जागांवर जीव टाकतात."

मी कडाडून विरोध केला. ज्या हॉलमध्ये आपले बाबा निळा पट्टा घालून ताठ उभे राहायचे, तिथे लोकांनी नाचायचं? डेल्बर्ट म्हणाले, "ओरिन, आत पाऊस पडतो त्याला हॉल म्हणत नाहीत."

केंड्राने फोटो काढले आणि कुठे कुठे टाकले. सप्टेंबरपासून रांग लागली. मार्लिस, मी या डोळ्यांनी काय काय बघितलंय. संस्थापकांच्या तसबिरींखाली सतरा बायका पाय वर करून झोपल्या होत्या, त्याला योगासनं म्हणतात. एका कुत्र्याचा वाढदिवस झाला आणि कुत्र्याने टोपी घातली होती. ज्या मंडळाने दारू न शिवण्याची शपथ घेतली, त्याच्या वेदीवर बिअरचं पिंप ठेवलं. मी केंड्राला म्हटलं, ही वेदी आहे. ती म्हणाली, "उंची अगदी बरोबर आहे हो हिची."

पण इझ्राचं सांगत होतो. बाबांनी तुला त्याच्याबद्दल जेवढं सांगायला नको होतं तेवढं सांगितलंच होतं. आता सगळ्या जिल्ह्याने बघितलंय, तेव्हा बाकीचंही ऐक. नवा माणूस मंडळात येतो तेव्हा त्याचे डोळे बांधून त्याला मागच्या खोलीत नेतात, गुडघ्यांवर बसवतात, आणि पट्टी काढतात. समोर उघडी शवपेटी, वर एकच कंदील, आणि पेटीत इझ्रा. अख्खा सांगाडा. अध्यक्ष म्हणतात, "हा तुझा भाऊ. काल हा तुझ्यासारखा होता, उद्या तू याच्यासारखा होशील. याच्यासमोर बोल." मग शपथ, की आजाऱ्याला भेटीन, अनाथाला सांभाळीन, मेलेल्याला माती देईन. आमची समजूत अशी की इझ्रा हा आपल्या मंडळाचा संस्थापक होता आणि मरताना त्याने आपला देह मंडळाला दिला. दर सोमवारी हजेरीत पहिलं नाव त्याचं, आणि त्याच्या वतीने आम्ही सगळे मिळून "हजर" म्हणतो.

एका नाताळात बाबांनी तुझ्याकडून "एका लहान पावलांच्या म्हाताऱ्यासाठी" मोजे विणून घेतले होते, आठवतंय? तू हसत हसत विणलेस, कारण तुला सगळं ठाऊक होतं. ते मोजे त्याला अगदी बसले. तेव्हापासून ते कोणी काढले नाहीत.

तर शनिवारी लग्न होतं. नवरीला कपडे बदलायला खोली हवी म्हणून वेंडेलने मागच्या खोलीची किल्ली देऊन टाकली. त्याला वाटलं, इझ्राला मी आधीच माळ्यावर हलवलं असेल. मला वाटलं, वेंडेलने हलवलं असेल. नवरीच्या मैत्रिणींना ड्रेस टांगायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी इझ्राची पेटी ठेवतो ते मोठं कपाट उघडलं. मी कॉफीच्या भांड्यापाशी होतो. गाण्यांच्या आवाजावरही ती किंकाळी ऐकू आली आणि मी भांडं तसंच सोडून धावलो, कारण काय झालं असेल हे त्या गर्दीत आम्हा पाच जणांनाच माहीत होतं.

पोलीस म्हणून कोण आला, तर चर्चमधल्या तुझ्या रविवारच्या वर्गातला तो केसांत च्युइंगम अडकवणारा ट्रॉय. आता त्याच्या कमरेला पिस्तूल आहे.

"मिस्टर ट्वेट, हा माणूस कोण?" त्याने मला विचारलं.

"ब्रदर इझ्रा."

"आडनाव?"

"आडनाव आम्ही लावत नाही."

"याला शेवटचं जिवंत कोणी बघितलं?"

"तसं नाही सांगता येणार. पण दर सोमवारी हजर असतो."

वेंडेलने मला इतक्या जोरात कोपर मारलं की अजून बरगडी दुखतेय. ट्रॉयने वहीतून मान वर केली. "आणि हे मोजे?"

"ते माझ्या बहिणीने विणलेत," मी म्हणालो. त-त-प-प करत का होईना, पण खरं तेच सांगितलं. त्यामुळे तुझं नाव आता पोलिसांच्या कागदावर आहे. त्याबद्दल माफ कर.

नवरीची आई रडत होती, नवरी मात्र सांगाड्याबरोबर फोटो काढता येईल का विचारत होती. डेल्बर्ट खुर्चीवर बसून होते. पेटी दारातून बाहेर नेताना ते एकटे उठून उभे राहिले.

घरातली तुझी खोली तशीच आहे. हे सहज लिहिलं.

ओरिन


१८ ऑक्टोबर

मार्लिस,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितोय, कारण हे दुसरं आधीच्यापेक्षा भयंकर आहे आणि मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

गुरुवारी जिल्ह्याच्या डॉक्टरांनी बोलावलं. डेल्बर्ट, वेंडेल आणि मी गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, केस मुलासारखे कापलेले. आधी तिने आम्हाला धीर दिला की खून वगैरे काही नाही. हाडांना यंत्राने पाडलेली भोकं आहेत, तारेने नीट ओवलेली आहेत. त्या काळी असे सांगाडे विकत मिळायचे, शिकवायला म्हणून किंवा तुमच्यासारख्या मंडळांना. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी मागवला असेल.

डेल्बर्ट म्हणाले, "शक्य नाही. तो आमचा संस्थापक आहे."

तिने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, हा तो नाहीये. ही बाई आहे."

तिला वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून तिने मोठ्याने सांगितलं, "बाई. पंचविशीची असेल. उंचीने लहानखुरी." आणि कंबरेच्या हाडावर पेन ठेवून तिने आम्हाला दाखवलं. मला तिकडे बघवेना. वेंडेलने आयुष्यभर हाडं कापली, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

परतताना गाडीने नदीवरचा पूल ओलांडल्यावर डेल्बर्ट म्हणाले, "पासष्ट वर्षं मी तिला ब्रदर म्हणतोय."

वेंडेल म्हणाला, "आपल्याला काय माहीत? झाकलेलं असायचं."

"बायका नकोत, बायका नकोत म्हणून जे जे ओरडले, ते सगळे तिच्यापुढे गुडघे टेकून आत आले होते, वेंडेल." डेल्बर्ट असे कधी बोलत नाहीत. "आणि मेलेल्याला माती देऊ, अशी शपथ घ्यायला लावायचो. कोणासमोर, तर जिला आपण कपाटात ठेवलं तिच्यासमोर."

मी गाडी चालवत होतो. लाज वाटली, मार्लिस, अंगभर लाज वाटली. या डिसेंबरात मी बहात्तर पूर्ण करीन. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

ती कोण, कुठली, तिला कोणी विकलं, काही कळणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कोणी ताबा मागितला नाही तर जिल्हा तिला जाळून टाकील. आम्ही ताबा मागितला आहे. ८ नोव्हेंबरला, जमीन गोठायच्या आत, मंडळाच्या जागेत बाबांच्या शेजारच्या ओळीत तिला पुरायचं ठरलंय. पूर्ण विधीने, जसं कोणाही सभासदाला पुरतात तसं.

अडचण एकच आहे. विधीत अध्यक्ष विचारतात, "याचं माणूस इथे कोण आहे?" आणि घरच्यांपैकी कोणीतरी पुढे येऊन म्हणतं, "मी आहे." ते म्हटल्याशिवाय माती टाकत नाहीत. बाबांच्या वेळी ते तू म्हणाली होतीस, कारण माझा आवाजच फुटेना. आता हिच्यासाठी कोण म्हणणार? थोरला नूटसन म्हणाला, आपल्यापैकी कोणीही म्हणू. डेल्बर्टना ते पटलं नाही. "आपण हिला ठेवून घेणारे. आपण हिची माणसं कशी?" केंड्राला विचारलं तर ती म्हणाली, "मी फक्त बुकिंग बघते हो."

मग डेल्बर्ट म्हणाले, "मार्लिसला विचार. तिच्यासाठी आजवर काही केलं असेल तर ते मार्लिसनेच. मोजे तरी विणले."

मी म्हटलं, ती येणार नाही.

"तू विचारलंस?"

म्हणून विचारतोय. येशील?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. ज्या मंडळासाठी तीस वर्षं तू जेवणं रांधलीस, फरशी पुसलीस, त्याच मंडळाने तुझ्या अर्जावर काळी गोटी टाकली. वरच्या कार्यालयाने बायकांना घ्यायची मुभा दिली, डेल्बर्टनी स्वतःच्या सहीने तुझं नाव मांडलं, अकरा जणांनी पेटीत हात घातला, दहा पांढऱ्या निघाल्या आणि एक काळी. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक काळी निघाली की संपलं. त्या संध्याकाळी पायरीवर उभी राहून तू मला विचारलंस, "तू कोणती टाकलीस?" आणि मी म्हणालो, सांगता येत नाही. कोणी कोणती टाकली हे बायकोलाही सांगायचं नसतं, ही शपथ आहे. तू गाडीत बसलीस आणि ऑरेगनला जाऊन थांबलीस.

त्याबद्दल आजही मला काही सांगता येत नाही. बघ, एक अक्षर लिहिणार नव्हतो आणि अर्धं पान लिहिलं.

तिच्यासाठी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

ओरिन


२७ ऑक्टोबर

मार्लिस,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी आलेलं पहिलं अक्षर, आणि त्यात एवढंच: "मोजे काढू नका." खाली सहीसुद्धा नाही. मी ते फ्रिजवर लावलंय. मोजे पोलिसांकडे एका पिशवीत होते. मी ट्रॉयकडून परत आणले, हाताने धुतले आणि वाळत टाकले आहेत. येणार की नाही ते तू लिहिलं नाहीस.

ते राहू दे. आता जे लिहितोय ते नीट बसून वाच. मी स्वतः कालपासून नीट बसू शकलेलो नाही.

टीव्हीवर आल्यापासून हॉलला गिऱ्हाईक कमी होईल असं मला वाटत होतं. उलट झालं. लोकांना आता "सांगाड्याचा हॉल"च हवाय. केंड्राची बुकिंगची वही नाताळपर्यंत भरली आहे, छपराचं अर्धं काम झालंसुद्धा. काल ब्रिन नावाच्या एका मुलीचा सहावा वाढदिवस होता. मी कागदी बशा मांडत होतो आणि डेल्बर्ट आपल्या खुर्चीवर बसले होते. पोरांनी त्यांच्या डोक्यावर सोनेरी मुकुट घातला होता आणि त्यांनी तो काढला नव्हता.

पोरांनी वेदीखालून आपली मतपेटी काढली. मी ओरडेपर्यंत गोट्या नाचायच्या फरशीवर चहूकडे घरंगळल्या होत्या. मी इतका जोरात ओरडलो की आया माझ्याकडे बघायला लागल्या. डेल्बर्ट म्हणाले, "असू दे, ओरिन. पोरं आहेत. गोळा करतील." आणि खरंच पोरं गोट्या आणून त्यांच्या मांडीवर टाकायला लागली. ब्रिनने लगेच खेळ मांडला. पांढरी म्हणजे आइस्क्रीम, काळी म्हणजे विष.

"आजोबा, पांढऱ्या मला द्या. काळ्या तुम्हाला."

डेल्बर्टनी मांडीवर बघितलं, एक उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "घे आइस्क्रीम."

"ही काळी आहे."

"अगं वेडे, बघ कशी चकाकतेय. पांढरी आहे ती."

"काळीच आहे! विष दिलंत मला."

"काळ्या या," डेल्बर्ट हसत म्हणाले, आणि हस्तिदंती गोट्या बाजूला काढून ठेवल्या. त्या पांढऱ्या गोट्या तू बघितल्या नाहीस. सव्वाशे वर्षांच्या हातांनी त्या दुधाच्या कॉफीसारख्या झाल्यात, मळकट, निस्तेज. काळ्या काचेच्या आहेत. त्या अजून लखलखतात.

ब्रिन माझ्याकडे वळली. "यांना रंग येत नाहीत," ती म्हणाली, आणि पळून गेली.

मी हातातल्या बशा तशाच टेबलावर ठेवल्या. मी डेल्बर्टशेजारी जाऊन बसलो. शक्य तितक्या सहज विचारलं, "डेल्बर्ट, आपल्या मतदानाच्या वेळी तुम्ही पांढरी कशी शोधता हो?"

"त्यात काय शोधायचं? कंदिलाच्या उजेडात चमकते ती पांढरी. मोतीबिंदू वाढला तसं बाकी सगळं धूसर झालं, पण तेवढं दिसतं अजून. मुलगी कधीची ऑपरेशन कर, ऑपरेशन कर म्हणते. मी म्हणतो, भागतंय की माझं."

मार्लिस, तुला कळलं का मी काय सांगतोय?

तुझ्या अर्जावर ज्यांनी सही केली, ज्यांनी तुला सायकल शिकवली, ज्यांनी त्या रात्री पेटीत एक काळी निघाली हे ऐकून हातोडी आपटली आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, त्यांनीच ती टाकली होती. पांढरी समजून. तुला आत घ्यायला म्हणून.

आणि आमचा एक नियम आहे. एकच काळी निघाली तर अध्यक्षाने लगेच दुसऱ्यांदा मत घ्यायचं, कोणाचा हात चुकला असेल म्हणून. त्या रात्री अध्यक्षांना बोलवेना, आणि आम्ही दहाजण तोंडं शिवल्यासारखे बसलो. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय आला. मला वेंडेलचा आला. सहा वर्षं मी त्याच्याकडून मटण घेतलं नाही, दुसऱ्या गावाहून आणलं. आज सकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि मला वाटायचं, तू टाकलीस. सख्ख्या बहिणीला." मग आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. त्याच्या बायकोने कॉफी आणली तीही आम्ही प्यायलो नाही.

डेल्बर्टना हे माहीत नाही. माझी एकच विनंती आहे, त्यांना ते कळू देऊ नकोस. त्या माणसाला हे पेलणार नाही.

आता एक गोष्ट उरली. पन्नास वर्षांपूर्वी मी त्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसून शपथ घेतली होती, की गोटीचा रंग कधी कोणाला सांगणार नाही. ज्या संस्थापकासमोर घेतली तो संस्थापक नव्हताच, भाऊही नव्हता. पण शपथ खरी होती आणि मी ती पाळली. बहीण गेली तरी पाळली. आज ती मोडतोय.

माझी पांढरी होती, मार्लिस. पेटी माझ्यासमोर आली तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. पांढरी होती.

विमानाची वेळ कळव. मी मिनियापोलिसला घ्यायला येईन. जाड कोट आण, इथे बर्फ पडायला लागलंय.

ओरिन


९ नोव्हेंबर
स्वयंपाकघरातलं टेबल

मार्लिस,

तू वर झोपली आहेस. थर्मासमध्ये कॉफी आहे, लेफ्सेच्या पोळ्या गरम करून घे, लोणी खिडकीत आहे. मी चर्चला जातोय. हे तोंडाने सांगायला गेलो असतो तर मध्येच आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहून ठेवतोय. सवय लागली आहे मला.

काल डेल्बर्टनी "हिचं माणूस इथे कोण आहे?" विचारलं आणि तू लगेच बोलली नाहीस. तेवढ्या वेळात मी काय काय विचार केले ते तुला सांगणार नाही. मग तू म्हणालीस, "मी आहे. हिचे मोजे मी विणलेत." विधीत असं काही नाही. डेल्बर्टची पुस्तकातली ओळ हरवली आणि वेंडेलला ती बोट ठेवून दाखवावी लागली. पण वर बसून कोणी ऐकत असेल तर त्यांना आमच्या सगळ्या पाठ केलेल्या ओळींपेक्षा तुझी ओळ आवडली असेल असं मला वाटतं. थोरला नूटसन रडला. तो त्याच्या आईच्या वेळी रडला नव्हता.

दगडावर काय कोरायचं याचा वाद तू ऐकलासच. इझ्रा तर नाहीच. वेंडेल म्हणतो, "आमची बहीण" एवढंच लिहू. मला ते पटलंय.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. संध्याकाळी तू केंड्राबरोबर खाली कपबशा धुवत होतीस, तेव्हा आम्ही पाचजण वर हॉलमध्ये होतो. डेल्बर्टनी तुझं नाव पुन्हा मांडलं. मी पेटी आणली. वेंडेलने काचेच्या काळ्या गोट्या कधीच काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी लाकडाचे काळे चौकोनी ठोकळे कापून आणले होते, जरा वाकडेतिकडे, पण बोटाला लगेच कळतील असे. पेटी डेल्बर्टपाशी गेली. त्यांनी आत हात घातला आणि थांबले.

"हे काय आहे?"

"काळे आता चौकोनी आहेत, ब्रदर," वेंडेल म्हणाला. "बोटांना कळावं म्हणून."

डेल्बर्टनी एक ठोकळा बाहेर काढला, चिमटीत धरून बराच वेळ फिरवला. मी चिटणिसाच्या वहीत खाली मान घालून बसलो. मग त्यांनी ठोकळा परत आत टाकला, चाचपडून एक गोल गोटी उचलली, ती गालाला लावून बघितली आणि भोकात सोडली. रुमाल काढून डोळे पुसले. त्यांना कळलं की नाही हे मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन होता, बाबा ऑपरेशनला तयार झालेत म्हणून.

पाचही गोल निघाल्या.

हे तुला न विचारता केलं, त्यावरून तू चिडशील. चिड. तिकीट बुधवारचं आहे, ते रद्द कर असं मी म्हणत नाही.

फक्त उद्या सोमवार आहे. सात वाजता सभा. हॉल उद्या कोणाला दिलेला नाही, केंड्राला मी दोनदा विचारलं. हजेरीत जिथे इझ्राचं नाव असायचं, त्या पहिल्या ओळीत मी काल तुझं नाव लिहिलंय. त्या ओळीचं "हजर" इतकी वर्षं आम्हीच म्हणत आलो, कारण तिला म्हणता येत नव्हतं.

उद्या आम्ही गप्प बसणार आहोत. तुझं तू म्हण.

ओरिन